जनरलची सून

२००४च्या जानेवारीत, लग्नानंतर नवव्या दिवशी, आम्ही नागपूर विमानतळाच्या दारात उभे होतो. तिकिटं तपासणारा जवान मार्कचा पासपोर्ट पुन्हा पुन्हा उलटून पाहत होता. तशी आई मागून पुढे आली. "आमचे जावई आहेत," ती म्हणाली. "यांचे वडील जनरल होते. त्यांच्या देशाच्या आर्मीत." जवान ताठ झाला आणि त्याने मार्कला सॅल्यूट केला. बाबांना भरून आलं. मार्क मात्र मान खाली घालून बॅगेचं हँडल उगाच वरखाली करत राहिला. मला वाटलं, लाजला.

आई, तो लाजला नव्हता. तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं.

२००१मध्ये मी एच-वन व्हिसावर एकटीच न्यू जर्सीला आले, आणि ज्या प्रोजेक्टवर लागले त्याचा टीम लीड मार्क होता. मूळचा हैतीचा. तिकडची राजवट उलटली तेव्हा अकरा वर्षांचा मार्क एका सुटकेसवर बसून आईवडिलांबरोबर इकडे आला होता. त्याचा फोटो मी घरी पाठवला आणि बाबा पाच महिने माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते कळत होतं. मार्कचा रंग. मग एकदा आईशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं की त्याचे वडील लष्करात जनरल होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी फोन घेतला. "मिलिटरीतलं घर आहे म्हणजे शिस्तीचं असणार," ते म्हणाले. 'जनरल' या एका शब्दावर माझं लग्न झालं, आणि आमच्या कॉलनीत मी जनरलची सून झाले.

सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे आमच्याकडे वेस्ट विंडसरच्या टाउनहाउसमध्ये राहायचे. घरात सगळे त्यांना पापा म्हणत, मीही म्हणू लागले. 'पापांना वाढलं', 'पापांना झोप लागली' असं आईला सांगताना सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

उंच, सरळ पाठीचा माणूस. सकाळी इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय खाली यायचे नाहीत. माझ्याशी जपून, जुन्या वळणाचं इंग्लिश बोलायचे, वरणभात चमच्याने निगुतीने खायचे आणि जेवण झाल्यावर दर वेळी थँक यू म्हणायचे. इतकं कौतुक माझ्या स्वयंपाकाचं माहेरी कधी झालं नव्हतं. मला ते आवडायचे, हे लिहून ठेवायला हवं. फक्त जेवायला बसताना पाठ भिंतीलाच हवी असायची. दाराची बेल वाजली की हातातला घास थांबायचा. "कोण आहे?" ते मार्कला विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत चावायचेही नाहीत. इतक्या वर्षांत हैतीचा एकही माणूस आमच्याकडे आला नव्हता. मार्कची बहीण कॅलिफोर्नियात होती. ती फोनवर फक्त मार्कशी बोलायची.

२००५च्या उन्हाळ्यात पापांची स्मृती जाऊ लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग माझं नाव. डॉक्टर डिमेन्शिया म्हणाले. आणि जसजसं बाकीचं गेलं तसतशी नावं वर आली. दुपारी जेवणाच्या टेबलावर ते अचानक ताठ बसायचे आणि हजेरी घेतल्यासारखी नावं म्हणायचे. आंत्वान. विल्नेर. दियदोने. पुढे आडनाव, मग एक क्षण थांबणं, मग पुढचं नाव. क्रम कधी चुकायचा नाही.

"त्यांची पहिली पलटण आहे," मार्क म्हणाला. "मी लहान असताना दाढी करतानाही म्हणायचे. मला तेव्हा पाठ होती."

मला पुढल्या जानेवारीत दिवस राहिले. मी घरून काम करू लागले. रोज ऐकून ती नावं लहानपणच्या पाढ्यांसारखी माझ्याही डोक्यात बसली. भांडी लावताना नकळत ओठांवर यायची. पोटातल्या बाळालाही ती ऐकू जात असतील, असं मनात यायचं आणि मी रेडिओ लावायचे. मार्कच्या घरची रीत होती की पहिल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं. एमील. आईलाही ते पसंत होतं. "मोठ्या माणसाचं नाव चांगलंच," ती म्हणायची.

पापांना सांभाळायला एजन्सीने सोलांज नावाची बाई पाठवली. पन्नाशीला आलेली, तीही हैतीचीच. पहिल्या दिवशी तिने पापांकडे बराच वेळ पाहिलं, मग हात धुऊन कामाला लागली. आठवडाभराने ती त्यांना सूप भरवत असताना हजेरी सुरू झाली. पाचव्या नावावर तिचा चमचा हवेत थांबला. तिने वाटी खाली ठेवली नाही. पापा थांबेपर्यंत तशीच बसून राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मॅडम, ही कोण माणसं आहेत असं तुम्हाला सांगितलंय?"

"त्यांचे सैनिक."

"पाचवा माझा शाळेतला मास्तर होता," सोलांज म्हणाली. "त्याने आयुष्यात बंदूक धरली नाही."

तिने ते मला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं, आवाज न चढवता. समुद्राकाठचं तिचं गाव. तिथल्या छावणीवर तेव्हा पापा कर्नल होते. सोलांज बारा वर्षांची असताना एका आठवड्यात गावातली एकोणीस माणसं घराघरांतून उचलून छावणीत नेली. शिक्षक, शिंपी, एक फार्मसीवाला, दोन सख्खे भाऊ. बायका रोज डबे घेऊन फाटकाशी जायच्या. पंधरा दिवस आतल्या शिपायांनी डबे घेतले आणि रिकामे परत दिले. सोळाव्या दिवशी एक शिपाई म्हणाला, उद्यापासून आणू नका.

"तुम्हाला आधीच माहीत होतं, हे कोण ते?" मी विचारलं.

"आडनाव वाचलं तेव्हाच कळलं."

"मग आलात कशाला?"

सोलांजने सूपची वाटी उचलली. "एकदा डोळे भरून पाहायचं होतं. पाहिलं तर म्हातारा भुकेला होता." एवढं बोलून ती आत गेली आणि उरलेलं सूप तिने त्यांना भरवलं.

त्या दिवशी मार्क ऑफिसमधून आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो चिडला. ती बाई खोटं बोलतेय म्हणाला, तिला काढून टाकू म्हणाला. मग गराजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. आमच्यात तीन आठवडे धड बोलणं नव्हतं. सोलांजला मात्र त्याने काढलं नाही.

तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. तिला सगळी नावं माहीत नव्हती, गावातही कुणाला एकत्र अशी माहीत नसावीत. ती लिहून हवी होती. ट्रेंटनजवळ तिच्या लोकांचं चर्च होतं. तिथल्या फादरकडे ती देणार होती. मी दोन दिवस पापांच्या समोर वही घेऊन बसले. मला त्यांच्या भाषेचं स्पेलिंग येत नव्हतं, म्हणून कानाला जसं आलं तसं देवनागरीत उतरवून घेतलं. मग शनिवारी मी एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि सोलांज ते बरोबर लिपीत लिहायची. एका नावावर तिने पेन ठेवलं, कपाळावर हात ठेवला आणि पुन्हा पेन उचललं. शेवटी आकडा सतरा भरला.

"एकोणीस होते," सोलांज म्हणाली.

मार्क जिन्यात उभा होता. कधीपासून, ते आम्हाला कळलं नव्हतं. "बाराव्यानंतर दोन भाऊ येतात," तो म्हणाला. "ते आता विसरतात." त्याने दोन नावं सांगितली, आडनावासकट, अगदी पापांच्या चालीत. आणि तो तिथेच पायरीवर बसला. माझ्या नवऱ्याला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

पापा ती नावं का म्हणायचे, हे मला आजही सांगता येत नाही. पश्चात्ताप असेल. किंवा हाताखालचं काम नीट झालं की नाही, हे पाहण्याची जुनी सवय असेल. एकदा सकाळी ते भानावर आहेत असं वाटलं तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "पापा, त्यांना कुठे पुरलंय?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण विचारतंय?"

"मी. घरचीच."

"घरच्यांनी असं विचारायचं नसतं," ते म्हणाले आणि शर्टाचं वरचं बटण लावू लागले. त्यांना ते लावता येईना, मीच लावून दिलं.

चर्चमध्ये नावं वाचली त्या रविवारी मला आठवा महिना होता. आम्ही मागच्या बाकावर बसलो. फादर एक नाव घ्यायचे आणि कुठेतरी कुणीतरी उभं राहायचं. एका नावाला चौघं, एकाला एकच बाई, काहींना कुणीच नाही. शेवटी आम्ही कोण आहोत हे मार्कने स्वतः उभं राहून सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला. मार्कने फादरना त्या कागदाखाली आमचा पत्ता लिहायला सांगितला.

बाळ ऑक्टोबरमध्ये झालं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मार्कनेच 'निहार' लिहिलं. पापा पुढच्या वसंतात गेले, काही न सांगता. दफनाला आम्ही दोघं, सोलांज आणि चर्चचे फादर एवढेच होतो. कॅलिफोर्नियाची बहीण आली नाही. मी अजूनही कधी कधी वाटीत वरण जास्त काढते, आणि मग मला माझाच राग येतो.

यंदा, २००८च्या एप्रिलमध्ये, बेल वाजली. दारात ब्रुकलिनहून मुलीबरोबर आलेली एक वृद्ध बाई होती. आठव्या नावाची बायको. तिने चहा घेतला नाही. जनरल झोपायचे ती खोली बघायची आहे म्हणाली. मी तिला वर नेलं. ती पलंगाच्या कडेवर बसली, खिडकीतून दिसणारा मेपल पाहिला, गादी हाताने दाबून पाहिली. "मऊ आहे," ती म्हणाली. दहा-पंधरा मिनिटं बसली असेल. मी दाराशी उभी राहिले. जाताना तिने माझा हात धरला नाही, पण दारात जरा थांबून म्हणाली, "तू दार उघडलंस."

जूनमध्ये मार्कला टेक्सासमध्ये, प्लेनोला, मोठ्या हुद्द्याची नोकरी मिळत होती. तिथे आमचे मित्र आहेत, दुप्पट मोठी घरं आहेत. आम्ही नाही म्हणून कळवलं. आई, तू विचारतेस, न्यू जर्सीत असं काय ठेवलंय, नागपूरला तरी या दोन महिने. येऊ, पण दोघं एकदम नाही. माझ्यासारख्या इकडे आलेल्या मैत्रिणी घराविषयी बोलतात तेव्हा मागे राहिलेल्या घराविषयीच बोलतात. मीही बोलायचे. आता माझं घर हेच आहे, मी लग्न करून आले तेव्हा जे मला कुणी सांगितलं नव्हतं त्याच्यासकट. एकोणीसपैकी पाच नावांची माणसं येऊन गेली. चौदा राहिलीत. ती येतील तेव्हा आमच्यातलं कुणीतरी घरी असायला हवं.