शेवटचं झेड अक्षर

साडेपाचला बिसाहू भैयांचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या तेलीबांधा भागात, ऑफिसात क्लायंटच्या मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन फोन घेतला.

"बिटिया, पानी गिर रहा है," ते म्हणाले. "ॲप ने तो बारा बजे बताया था."

ॲप माझं नव्हतं, बाबांचं होतं. मी बरीच वर्षं वेब डेव्हलपर आहे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर बाबांनी माझ्याकडे शिकायला सुरुवात केली. नवशिक्यांना मी हवामानाचं पान बनवायला देते. काम छोटं असतं. हवामान पुरवणाऱ्या सेवेला आपला प्रोग्राम गावाचं नाव सांगतो, ती आकडे पाठवते, आपण ते नीट मांडायचे. या देवाणघेवाणीच्या खिडकीला एपीआय म्हणतात. पण बाबांना नुसता सराव नको होता.

"वापरणारंच कोणी नसंन, तर मी काहून बनवू?" ते म्हणाले.

म्हणून बिसाहू भैया. पूर्वी रेल्वेत गेटमन, बाबांचे जुने दोस्त, आता तासाभरावरच्या गावात धानाची शेती करतात. बाबांनी मोठ्या अक्षरांत, हिंदीत पान केलं: आज पाऊस येणार का, किती वाजता. महिनाभर आम्ही तपासलं. तापमान बरोबर येत होतं. पाऊस त्या महिन्यात पडलाच नाही.

त्या दिवशी भैयांचं कापलेलं धान शेतात वाळत पडलं होतं. ॲपवर बाराचा पाऊस दिसला, म्हणून घरच्या सगळ्यांनी सकाळीच ते गोळा करून झाकलं. दोन वाजेपर्यंत थेंब नाही. पाऊस टळला असं समजून त्यांनी धान पुन्हा पसरलं. साडेपाचला ते भिजलं.

बारा आणि साडेपाच. फोन ठेवतानाच चूक माझ्या लक्षात आली. जगभरचे कॉम्प्युटर एक समान वेळ वापरतात, तिला यूटीसी म्हणतात. आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालतं. एपीआयने वेळ यूटीसीत पाठवली होती. तशी खूण म्हणून वेळेच्या शेवटी झेड अक्षर असतं. बाबांनी ते अक्षर कापून टाकलं होतं.

"लोकायले झेड कशाले दाखवू?" असं त्यांनी विचारलं होतं. मी दुसरं काम करता करता हो म्हटलं होतं.

घरी आल्यावर मी त्यांना हे समजावलं. त्यांनी झेड कापलेली ओळ पुन्हा उघडली. जन्मभर गाड्यांच्या वेळा मिनिटामिनिटाने लिहिलेला माणूस. मी म्हटलं, "बाबा, ग़लती मेरी है, चेक मैंने किया था." ते मराठीत बोलतात, मी हिंदीत उत्तर देते, आमच्या घरी हे असंच चालतं.

"कोड माह्या हातचा आहे," ते म्हणाले. "उद्या गावाले जाऊ."

दुरुस्ती एका ओळीची होती. ती त्यांनी स्वतः केली.

सकाळी गावात पोचलो. भैया रागावले नाहीत, पण त्यांनी एक गोष्ट खाली मान घालून सांगितली. ॲप त्यांनी कौतुकाने पाऱ्यातल्या म्हणजे वस्तीतल्या आणखी चार घरांना दाखवलं होतं. त्या घरांनीही धान पुन्हा पसरलं होतं.

बाबा चारही घरी गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं: मशीन बरोबर होती, वेळ मी चुकीची लिहिली. एका घरातली म्हातारी खूप बोलली. बाबा उभे राहून ऐकत होते. मधे पडायला मी पुढे झाले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. तिचं बोलून झाल्यावर ते तिच्याच शेतात उतरले आणि ओलं धान उलटं करायला लागले. मग मीही उतरले. दुपारी तिने आम्हाला जेवायला बसवलं.

तीन दिवस चांगलं ऊन पडलं. बहुतेक धान वाचलं, थोडं काळं पडलं. ॲप अजून चालू आहे. पाऊस आला की भैया बाबांना वेळ कळवतात, आणि बाबा ॲपची वेळ शेजारी लिहून ताडून पाहतात. पाऱ्यातली तीन घरं ॲप पुन्हा वापरू लागलीत. म्हातारी नाही.

नव्या विद्यार्थ्यांना मी अजूनही हवामानाचंच पान देते. फक्त आता पाऊस पडून जाईपर्यंत पास करत नाही.