राहनाळच्या काकीचा धक्का

राहनाळच्या काकीने कमरेने एक सणसणीत धक्का दिला, की समजायचं, आपण तिच्या माणसांत जमा झालो. मला तो पहिल्याच भेटीत मिळाला. मी शाळेतली शिक्षिका, खांद्याला पर्स, पायात नवे सँडल, आणि क्षणात भाताच्या पोत्यांवर बसलेली. "मास्तरीण, गुडघं वाकव गो! ताठ उभी ऱ्हाशील तं पडशीलच," असं म्हणत तिने माझ्यापुढे चाकांचे बूट ठेवले.

तरुणपणी डोक्यावर टोपली घेऊन मासळी बाजाराच्या गर्दीतून वाट काढलेली ही बाई. पुढे शेतावर गोदामं उभी राहिली, काकी मालकीण झाली, पण अंगातली रग कुठे जाणार? एकदा मोबाईलवर तिला परदेशातल्या बायकांचा रोलर डर्बीचा सामना दिसला. बायका चाकांवर गोल पळतायत, हेल्मेटवर चांदणी लावलेली एकजण घोळक्यातून पुढे निसटू बघतेय आणि समोरच्या संघातल्या तिला खांद्याने, कमरेने अडवतायत. "यो तं आपलाच खेळ हाय!" काकी म्हणाली आणि रिकाम्या गोदामाची चावी तिने कमरेला खोचली.

हळूहळू राहनाळचा, शेजारच्या वळ गावचा आणि भिवंडी शहराचे दोन असे संघ जमले आणि आमची लीग सुरू झाली. त्यात नर्स होत्या, गोदामात पॅकिंग करणाऱ्या होत्या, लूमवाल्यांच्या घरच्या मुली होत्या. "काकी, मेरेसे नहीं होगा," म्हणत शबाना रडकुंडीला आली, की काकीचं हिंदी सुरू व्हायचं, "होएंगा, होएंगा! घुटना वाकव!" काकी स्वतः लुगड्याचा काष्टा मारून, गुडघ्यांना पॅड बांधून उतरायची. शिट्टी वाजवायची तीच आणि फाऊल दिला म्हणून भांडायचीही तीच. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

मग एके दिवशी तिच्या मुलाने सांगितलं, "आई, गोदामाला भाडेकरू भेटलाय. चावी दे." काकीचं जेवणावरून मन उडालं. आम्हाला दुसरी अशी गुळगुळीत जागा मिळणार नव्हती, म्हणजे लीगचा खेळ खलासच. "आधी सामना बघ, मंग माग चावी," असं मुलाला बजावून तिने सगळ्या गावाला आमंत्रण दिलं.

सामन्याच्या दिवशी आवरून येते तर गावातल्या बायकांनी शुभकार्य म्हणून ट्रॅकच्या कडेने ही भलीमोठी रांगोळी घातलेली! त्यांना पुसा म्हणायची कुणाची हिंमत? शिट्टी वाजली, चाकं रांगोळीवर गेली आणि दहाच्या दहा जणी एकमेकींवर कोसळल्या. सोडवायला आलेली काकीही शिट्टीसकट त्यात पडली. गाव पोट धरून हसलं. तिच्या मुलाने तर चावीसाठी हातच पुढे केला. मला रडू आवरेना.

तेवढ्यात काकीची सून, अर्चना, पुढे आली. सरावाला चहा आणून द्यायची आणि दाराशीच उभी राहायची, एवढीच आम्हाला तिची ओळख. तिने पदर खोचला आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसली. तिचं बघून रांगोळी घालणाऱ्या बायकाही बादल्या घेऊन उतरल्या. फरशी लख्ख झाल्यावर अर्चना नवऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "चावी आईंकडंच ऱ्हाईल. पुढच्या सामन्याला मी बी खेळणार हाय."

त्याने चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. काकीने पुढे होऊन सुनेला कमरेचा धक्का दिला. लग्न होऊन आल्यापासूनचा तो तिचा पहिला.

गेल्या पावसाळ्यात काकी गेली. तिच्याशिवाय ते गोदाम मला बघवणार नव्हतं, म्हणून मी जायचंच टाळलं. शेवटी एका रविवारी गेले. दारात डोळे पुसत उभी होते, तोच मागून असा धक्का बसला की मी सरळ फरशीवर. वर पाहिलं तर गळ्यात काकीची शिट्टी घातलेली अर्चना. आजवर मला 'मॅडम' म्हणणारी. तिचेही डोळे भरलेले होते.

"मास्तरीण," ती म्हणाली, "गुडघं वाकव गो!"