गणित सात, हजर

लोक आपल्या नव्या घराबद्दल ज्या कौतुकानं बोलतात, त्या कौतुकानं आमचे सर स्वतःच्या नापास होण्याबद्दल बोलायचे. चपला दाराबाहेर सरळ लावायच्या, खडू उचलायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "गणित सात, हजर." दहावीला त्यांना गणितात सात मार्क पडले होते आणि असे ते एकदा नाही, तीनदा आपटले होते. 'तीनदा' म्हणताना तीन बोटं वर जायची. मग शेपूट जोडायचे, "वाटल्यास कोणालाही विचारा." इतक्या ठासून सांगणाऱ्या माणसाबद्दल कोण कोणाला विचारायला जाणार? आम्ही कोणीच गेलो नाही. त्यांना खरं नाव होतं, पण आम्ही पाठीमागे त्यांना सातसरच म्हणायचो.

हा वर्ग भरायचा शहापूरला, आमच्या लोकांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. दहावीला गचकलेली आणि ऑक्टोबरला पुन्हा बसणारी मुलं तिथं संध्याकाळी जमायची. सर दिवसा शेणव्याकडच्या एका शाळेत शिकवायचे आणि परतताना इथं उतरायचे. त्यांच्या हजेरीत नावं नसायचीच. ते विषय आणि मार्क पुकारायचे, आणि ज्याचे असतील त्यानं उठून 'हजर' म्हणायचं. "इंग्रजी आठ?" "हजर सर." "विज्ञान एकवीस?" "हजर." पहिल्या दिवशी कोणाच्याही तोंडून आवाज फुटत नसे. आठवड्याभरात तीच मुलं एकमेकांना रस्त्यात मार्कांनीच हाका मारायला लागायची.

मी 'गणित अठरा'. नव्वदनंतरची गोष्ट आहे, साल सांगून काय करायचंय? निकालाच्या दिवशी बाबांनी कामावर दांडी मारली होती. मुलगी पास झाल्यावर पेढे आणायला घरात कोणीतरी पाहिजे, म्हणून. संध्याकाळपर्यंत ते ओटीवर नुसते बसून राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात शिकणं म्हणजे काय होतं हे आमच्यासारख्या घरांतल्या लोकांना सांगायला नको. मी पुस्तकं फळीवर टाकली आणि आईबरोबर भाताच्या लावणीला जायला लागले. चिखलात वाकलं की डोक्यात काही येत नाही, ते मला फार बरं वाटायचं. आई म्हणायची, फॉर्म भर. मी म्हणायचे, भरते. मनात मात्र पक्कं होतं की पुन्हा त्या बाकावर बसायचं नाही. आमच्या सापगावात मला जो तो विचारायचा, "काय गो, गणितात गेली का?"

बाबांनीच मला धरून समाजमंदिरात नेलं. मी दारातच अडून उभी राहिले. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं, "विषय?" मी म्हटलं गणित. "मार्क?" मी अठरा म्हटलं ते मलासुद्धा ऐकू आलं नसेल. तेव्हा सर वळले आणि अगदी हेवा वाटल्यासारखं म्हणाले, "अठरा? आणि रडतेस? मला सात होते. बस तिकडे, हुशारांत." सगळे हसले. मीही हसले, आणि निकालानंतर मी पहिल्यांदा हसले ते तिथं. आपण या माणसाच्या वर आहोत, अकरा मार्कांनी वर, आणि हा माणूस आज मास्तर आहे. एवढ्या एका गोष्टीवर मी पुस्तकं फळीवरून खाली काढली.

शिकवायचे मात्र तऱ्हेवाईक. एखादं गणित सोडवताना मध्येच थांबायचे, कपाळावर आठ्या घालायचे आणि म्हणायचे, "इथं मी तिन्ही वेळा चुकलो. का चुकलो असेन, सांगा." मग आम्ही सरांची चूक शोधायला तुटून पडायचो. आपली चूक शोधताना लाज वाटते, दुसऱ्याची शोधताना काय मजा येते म्हणून सांगू. वजाबाकीचं चिन्ह कंसाबाहेर कसं फसवतं ते मला सरांच्या चुकीतूनच समजलं. इंग्रजी आठ तर माझ्यापेक्षा जोरात ओरडायचा. सगळ्यांत खाली सर आणि सरांच्या वर एका मार्कानं आपण, याचा त्याला केवढा आधार होता. दिवाळीला घरी जावं तसा तो रोज वर्गात यायचा.

परीक्षेचं केंद्र आलं मुरबाडला. सकाळच्या पेपरला सापगावहून वेळेत पोचवील अशी एसटी नव्हती. सर म्हणाले, "माझी आई मुरबाडला एकटीच असते. तिच्याकडे राहा." बाबांनी आदल्या दिवशी दुपारी मला तिथं सोडलं आणि आल्या पावली परत गेले.

सरांची आई म्हणजे बारीक, खणखणीत म्हातारी. तिनं मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली आणि समोर चुलीशी बसून माझी चौकशी केली. कोणाची, कुठली, कितवी. मी म्हटलं, उद्या बीजगणित आहे, भीती वाटते. मग आपली जवळीक दाखवावी म्हणून मी म्हणाले, "पण सरांचे तर सातच होते ना, आजी. आणि तीनदा नापास होऊनसुद्धा ते एवढे पुढं गेले."

म्हातारीचा हात तव्यावर तसाच राहिला. "कोन नापास?"

"सर."

"माझा पोरगा? नापास? तुला कोनी सांगला?"

मी म्हटलं, त्यांनीच. ती उठली, खाटेखाली वाकली आणि एक बोचकं ओढून काढलं. त्यात पितळेचा एक कप होता आणि काच तडकलेला एक फोटो. फोटोत अर्ध्या चड्डीतले सर तोच कप धरून उभे होते. "दहावीला केंद्रात पयला आलता," ती म्हणाली. "एका बी विषयात नाय गेला कधी. परवा आला आनि मला म्हनाला, कप आत ठेव, पोरी बुजतात. मी ठेवला. माझ्याच घरात मी चोरावानी ठेवला. त्यो भायेर असा सांगत फिरतो, मला काय म्हाईत?" ती चुलीपुढे बसून रडायला लागली. नवरा गेल्यावर लोकांची धुणी-भांडी करून तिनं हा एक कप मिळवला होता, आणि तिचा मुलगा तालुकाभर सांगत होता की तो कप मिळालाच नाही.

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो असा तसा नाही. चार महिने रोज संध्याकाळी मी त्या माणसाला माझी लाज उघडी करून दाखवत होते. त्याच्यापाशीही तशीच लाज आहे, या एका भरवशावर. त्याच्याकडे होता पितळेचा कप. पहिला आलेला माणूस आमच्यात बसून आमचं दुःख अंगावर घेऊन मिरवत होता आणि आम्ही खुळ्यासारखे त्याच्या चुका शोधत होतो, ज्या त्यानं कधी केल्याच नव्हत्या. मी ठरवलं, सकाळची पहिली एसटी धरायची आणि घरी जायचं. बाबांना सांगायचं की बाबा, माझ्यासारखं कोणी पास होत नाही, झालेलं नाही, ते सगळं खोटं होतं.

सकाळी म्हातारीनं मला केंद्रावर ओढत नेलं. "त्याच्यावर राग हाय ना? मंग पेपरावर काड," एवढंच म्हणाली. मी बसले, कारण फाटकातून परत फिरायला ती जागा देईना. पेपर हातात आला. पहिलं गणित कंसाचं. मी सोडवलं. दुसरं सोडवलं. सरांचे सात खोटे होते, पण ही गणितं मी लावणीचा चिखल नखांतून काढून, रॉकेलच्या दिव्याशी बसून घासली होती, ती काही खोटी नव्हती. संतापानं माझं अक्षर इतकं मोठं येत होतं की मला जादा पुरवण्या घ्याव्या लागल्या.

मी पास झाले. पेढे घेऊन वर्गात गेले नाही, तेव्हा सरच आमच्या घरी आले. बाबा चहाचं सांगायला आत गेले, तेवढ्यात मी विचारलं, "सर, तुम्हाला गणितात किती होते?"

त्यांना आईकडून समजलं असावं. ते लपवायला गेले नाहीत. "ब्याण्णव," म्हणाले.

"मग सातच का? दहा का नाही सांगितले?"

"आधी पंधराच सांगायचो," ते अगदी सरळ म्हणाले, वेळापत्रकातला बदल सांगावा तसं. "मग एक बारावाला आला. तो माझ्या खाली राहिला असता, म्हणून दहा केले. मग हा इंग्रजी आठ आला." आणि म्हणाले, "कोणी खाली राहायला नको गं."

आज हे लिहिताना त्यातली माया मला दिसते. तेव्हा दिसली नाही, आणि दिसली असती तरी माझं म्हणणं बदललं नसतं. मी म्हटलं, "सर, ती जागा आमची होती. तिथं बसायचा तुम्हाला हक्क नव्हता." ते चहा न घेता गेले. बाबा कप घेऊन बाहेर आले आणि मला विचारत राहिले, काय बोललीस तू सरांना? मी सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

पुढे मी डी.एड. केलं, तालुक्यातच शाळेवर लागले. शहापूरच्या स्टँडवर सर कधी दिसायचे. ते लांबून जयभीम करायचे, मीही करायचे, पण पाय थांबवायचे नाहीत. वर्ग चालूच होता. संध्याकाळी समाजमंदिरावरून जाताना आतून आवाज यायचा, "गणित सात, हजर," आणि पोरांचं हसणं. इतकी वर्षं होऊनही माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एका वर्षी सर गेले. कावीळ अंगावर काढली होती. शोकसभा समाजमंदिरातच झाली. पाय ठेवायला जागा नव्हती. तलाठी झालेले, नर्स झालेल्या, कारखान्यात लागलेले, सगळे एकेकाळचे नापास. वंदना झाली आणि एकेक जण उठून बोलायला लागला. प्रत्येकाचं सुरुवातीचं वाक्य एकच, सर स्वतः तीनदा नापास झाले होते, पण. इंग्रजी आठ आता मुरबाड-कल्याण जीप चालवतो. तो म्हणाला, सरांना सात होते म्हणून मी आज उभा आहे. आणि पुढच्या सतरंजीवर सरांची आई बसून हे सगळं ऐकत होती. प्रत्येक 'नापास' या शब्दाला ती पदर मुठीत घट्ट करत होती. माझं नाव पुकारलं, मी तिच्या अंगावरून जायला लागले, तेव्हा तिनं माझा हात धरला.

"तू तरी खरा सांग गो," ती म्हणाली. "मेल्यावर तरी माझ्या पोराला पास कर."

मी सांगितलं. सर कधीच नापास झाले नव्हते, केंद्रात पहिले आले होते, गणितात ब्याण्णव होते, आणि त्यांनी आपल्या सगळ्यांना फसवलं. असंच म्हटलं, फसवलं. मला ते किती वर्षं म्हणायचं होतं.  म्हातारीनं डोळे पुसले आणि पहिल्यांदा मान वर करून लोकांकडे पाहिलं. मागून इंग्रजी आठचा आवाज आला, "म्हणजे सगळ्यांत खाली मीच होतो तर." त्याच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्याच्याशी मी तेव्हा जे केलं ते सरांनी कधीच केलं नसतं.

दाराशी त्या वर्षीची मुलं बसली होती, ऑक्टोबरला बसणारी. त्यांतली एक मुलगी उठली आणि चपला शोधायला लागली. तिचा चेहरा मी ओळखला. त्या चेहऱ्यानं मी एकदा मुरबाडच्या त्या चुलीपुढे बसले होते. बोलणं तसंच टाकून मी तिच्या मागे बाहेर गेले. ती पायरीवर होती, चपलेचा पट्टा लावण्याचं नाटक करत.

"कुठं निघालीस?"

"घरी. मी नाय बसणार परीक्षेला."

"विषय कोणता?"

ती पट्टा सोडून पुन्हा लावायला लागली. मग म्हणाली, "गणित."

"किती?"

"चौदा."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. "मला अठरा होते," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे, खांद्यावरच्या पर्सकडे. "तुमी पन तसाच सांगताव," ती म्हणाली. "सगलेच सांगतात."

माझ्यापाशी खरंखुरं नापास होणं होतं, एवढं एकच होतं, आणि तेही माझ्या सरांनी आधीच वापरून टाकलं होतं. मला त्यांचा असा राग आला की ते समोर असते तर मी भांडले असते. आणि ते समोर नाहीत, आता कधीच नसणार, हेही मला त्या पायरीवर पहिल्यांदा समजलं. मी तिथंच रडायला लागले. ती पोरगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

"सापगावला जा," मी डोळे पुसून म्हटलं. "पुलाच्या अलीकडे जी घरं आहेत तिथं. कोणालाही विचार, ह्या बाईला गणितात किती पडले होते. आधी विचार, मग उद्या संध्याकाळी इथं ये. मी हजेरी घेईन."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या आईचा फोन आला. म्हणाली, एक पोरगी घरोघर फिरून तुझे मार्क विचारतेय, काय भानगड आहे?

"सांगितलेस ना?" मी विचारलं.

"सांगितले की. अठरा."