दह्याच्या मडक्याखालचं कडं

आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, कोणतीही वस्तू एका कामावर ठेवत नसत. फुटक्या कढईत कोंबड्यांचं पाणी, जुन्या लुगड्याच्या काठाची दोरी. "माणसाले दोन हात, मंग वस्तूले एकच काम काऊन?" असा त्यांचा सवाल.

थोरले दीर गेले, तेव्हा मी त्यांना भीमपूरहून आदिलाबादला आमच्याकडे आणलं. कायमचं, बरं का. पण बसून खाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "मले पाहुणी नोको करू, सुमन," म्हणायच्या आणि माझ्या हातची भांडी ओढून घासायला बसायच्या.

एका रविवारी सूनबाईच्या माहेरची माणसं जेवायला आली. भाजी गरम करायला मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर आतली काचेची ताटली फिरेचना. एकीकडे कलून नुसती करकरायची. मुलगा म्हणाला, मोटर गेली. मी ताटली उचलून पाहिली. मधली खुंटी छान फिरत होती. ताटलीखालचं तीन चाकांचं कडं तेवढं गायब. ओट्याकडे वळते तो काय, ते दह्याच्या मडक्याखाली!

आक्का कौतुकानं सांगू लागल्या, "भांड्यायमंदी आलतं धुवाले. कशी सोयीची अडणी बनवली, पाह्य, कोनं! मडकं उचलाच लागत नाही, फिरवलं की झालं!"

सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं हो. व्याहीबुवा तर म्हणाले, "आक्का, आमच्याही घरी या, आमच्या सामानाले कामं लावून द्या." पण काय झालं ते कळलं, तशी आक्कांची मान खाली गेली. त्यांनी कडं पदरानं पुसून माझ्या हातात दिलं. "सोयऱ्यायपुढं तुह्या घराची शोभा केली मी," एवढंच बोलल्या.

"अहो, मोडलं का काही?" मी किती समजावलं! पण त्या दिवसापासून आक्का हात लावण्याआधी विचारू लागल्या. "हा डबा घेऊ काय?" "हे फडकं कायचं आहे?" मी नवी नवरी असताना जिनं मला भाकर थापायला शिकवली, ती बाई मीठ घेताना माझ्या तोंडाकडे पाहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कापूस वेचणीला आला, तशा "भीमपूरचं घर झाडून येतो" म्हणून गेल्या, त्या आल्याच नाहीत.

संक्रांतीला मीच भीमपूरला गेले. आक्का चुलीपुढे बसल्या होत्या. उन्हातून आले होते, घसा सुकला होता. म्हटलं, "आक्का, पाणी घेऊ का?"

त्या खळखळून हसल्या. "अवो बाई, आपल्याच घरात कोनी इचारते काय?"

मी पाणी घेतलं. पण त्यांच्याकडे पाहायची हिंमत काही झाली नाही.