शेंदराखालची भेग

बंदरावरची ती दुपार मनातून अद्याप गेलेली नाही.

कुलाबा जिल्ह्यातील एका बंदराच्या ठाण्यावर मी तेव्हा फौजदार होतो. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी, धक्क्यावरील दोन क्रेनपैकी एकीवरून गोण्यांचे ओझे कोसळले आणि खाली पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, उभ्या असलेल्या एका हमालाचा पाय चिरडला. मी पंचनाम्यास निघतो तोच एका दुकानदाराने येऊन खबर दिली, "साहेब, क्रेनवाल्याचं आणि त्या हमालाचं कालच भांडण झालं होतं. ओझं पडलं नाही, पाडलं."

क्रेनवाल्याला ठाण्यात आणून मी जबाब घेऊ लागलो. देहाने धिप्पाड, पण उभा होता अंग चोरून.

"भांडण झालं होतं?"

"व्हय साहेब. तो मना आळशी बोलला, मी त्याला घरजावई बोललो. आमचा रोजचाच हाय."

"आणि मग ब्रेक सोडलास?"

"ब्रेक सोडला असता त साखळीपन खाली गेली असती. ती वरच लोंबतेय. निस्ता आकडा तुटून गेला. जाऊन बघा ना!"

खोटे बोलणारा सहसा तपासाला स्वतः वाट दाखवीत नाही. मी पंचांसह धक्क्यावर गेलो. ओहोटी लागली होती. ओझ्यासोबत पडून पडावाबाहेर उसळलेला आकडा चिखलातून काढवला. तुटलेल्या जागी थोडा भाग ताजा, चकचकीत होता. उरलेला गंजून काळा पडला होता. भेग जुनी होती. मग ती कोणास दिसली कशी नाही? दर दसऱ्याला आकड्यांची पूजा होई आणि तेलातल्या शेंदराचा नवा लेप जुन्यावर चढे. तपासणी करणारा मुकादम दुरूनच नमस्कार करून पुढे जाई.

हे पंचांना सांगता सांगता माझी नजर वर गेली. दुसऱ्या क्रेनचा आकडाही तसाच लालभडक होता. पुढच्या भरतीला पडाव निघायचे म्हणून तिचे काम चालूच होते. ओझे अधांतरी आणि खाली माणसे!

"पडावातून बाहेर या! सगळे बाहेर!" मी ओरडत धावलो. माणसे हटली. ओझे हळूहळू धक्क्यावर टेकेपर्यंत मी मनातल्या मनात नामस्मरण करीत होतो.

आकडा खरवडायला मात्र कोणी पुढे येईना.

"कालच पूजा केलीय, साहेब. कोप झाला तर?" मुकादम म्हणाला.

मागून कोणीतरी बोलला, "साहेब रोज संध्या करतान, त्यांना देव वलखतो. त्यांनीच खरवडावा."

"देव्हाऱ्यातलं निर्माल्य रोज काढता ना?" मी विचारले. "याचं इतक्या वर्षांत कोणी काढलं?"

मी बूट काढले, नमस्कार केला आणि चाकू चालवला. लेपाचे पापुद्रे पायाशी पडले. देठापाशी केसासारखी बारीक भेग उघडी पडली. मघाशी त्या ओझ्याखाली उभा असलेला एक हमाल पुढे आला आणि त्याने तिच्यावरून नख फिरवून पाहिले.

क्रेनवाल्याला मी सायंकाळी सोडले. तो घरी न जाता थेट दवाखान्यात गेला. त्याच्या सोबत्याचा पाय मात्र वाचला नाही.

ज्या वस्तूच्या आधाराने माणसे निर्धास्त उभी राहतात, ती जवळून, हाताने चाचपून पाहणे हे पूजेचेच पहिले अंग आहे, असे मी तेव्हापासून मानतो. आम्ही सारे हात जोडून उभे होतो, आणि तिकडे लोखंड आतून तुटत होते.