बाबांच्या खोलीतला बेस

मंडळी, मागच्या आठवड्यात मी ग्रुपवर विचारलं होतं ना, खोलीत स्पीकरचा बेस घुमतो, काय करू? तर ऐका.

खोली बाबांची. ते जाऊन दोन महिने झाले. पलंग, कपाट बाहेर काढून मी तिथे स्पीकर लावले. पण रिकाम्या खोलीत ढोलकीचं गाणं लावलं की नुसतं घूं घूं. तुमच्यातल्याच एकाने सांगितलं, कोपऱ्यात जाड गादी उभी कर.

आज सकाळी आईला विचारलं, "जुनी कापसाची गादी आहे का गं?"

ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून बाबांचीच गादी खाली ढकलली.

"अगं, ही बाराव्याला दान दिली होती ना?"

"गुरुजींना नवीन दिली. काकांसमोर बोलू नकोस, उगाच शास्त्र शिकवत बसतील."

गादी कोपऱ्यात उभी केली. घुमणं बरंच कमी झालं, ढोलकीची प्रत्येक थाप वेगळी ऐकू यायला लागली. आनंद व्हायला हवा होता. काहीच वाटलं नाही.

आमच्या दिवेआगरच्या हवेत गादी ओलसर झाली होती. म्हटलं, "दुपारी उन्हात टाकतो, नाहीतर बुरशी येईल."

"नको रे," आई पटकन म्हणाली. "त्यांचा वास जाईल."

मग गादीला टेकून बसली. "लाव तुझं ते धडामधुडुम."

मी लावलं.

ऊन न दाखवता गादी बुरशीपासून वाचवायचा उपाय कुणाला माहीत आहे का?