शेवटच्या परीक्षेचे कांदे

"हळू रे. कांदो आसा तो, वैरी न्हय."

स्लाइडवर कांद्याच्या मुळाचं टोक ठेवायचं, वर काच, आणि अंगठ्याने दाबायचं, म्हणजे विभागणाऱ्या पेशी सुट्या दिसतात. मुलं जोर लावत आणि आमचे वनस्पतिशास्त्राचे सर कळवळत. त्यांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं परिचर होतो. फळ्यापाशी सरांची मराठी अगदी पुस्तकी असे; सूक्ष्मदर्शकावर वाकले की मालवणी सुरू.

एकदा एका मुलीने गोल, जाड काठाची सुबक आकृती काढून दाखवली. सरांनी डोळा लावून पाहिलं. "ही पेशी न्हय गो, हवेचो बुडबुडो. पण काढलंस बरो."

बाजारात कांदे घेताना तुम्ही-आम्ही रंग बघतो, सर प्रत्येक कांदा उलटा करून त्याचं बूड बघत. बांद्याचा कांदेवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की दुसऱ्या गिऱ्हाइकात डोकं घाली. घरी वहिनींची वेगळीच तक्रार: भाजीचे कांदे कॉलेजात पळतात.

त्यांच्या निवृत्तीआधीची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक येणार, प्रश्न पेशीविभाजनाचा. आधी सलग सुट्ट्या, आणि मुळं फुटायला पेल्यांवर ठेवलेल्या कांद्यांचं पाणी तर रोज बदलावं लागतं. म्हणून मी ते देवबागला घरी नेले आणि आमच्या विहिरीचं पाणी घातलं.

वैशाखात आमच्या विहिरीला खार चढतो. आम्हाला सवयीने तो कळतही नाही. कांद्यांना कळला. परीक्षेच्या सकाळी एकालाही मूळ फुटलेलं नव्हतं.

सरांनी पेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"तुका ह्या पाणी गोडच लागता, न्हय?"

मग कपाट उघडून त्यांनी लाकडी पेटी काढली. त्यात त्यांनी स्वतः केलेल्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या मुळांच्या स्लाइड होत्या. त्या पेटीची धूळ पुसायलाही ते मला देत नसत. त्यांनी एकेक स्लाइड मुलांपुढे ठेवली. मुलांनी आकृत्या काढल्या, सगळी पास झाली. घाईत भिंग खाली आणताना मुलांनी चार स्लाइड फोडल्या. सर पेटीतून दुसरी काढून देत.

परीक्षकांनी विचारलं, "ताजी मुळं का नाहीत?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. "कांदे मी ठेवले होते. पाणी तपासायचं राहिलं."

परीक्षकांनी अहवालात लिहिलं: शिक्षकांची पूर्वतयारी अपुरी.

पुढे वालावलला त्यांच्या घरी गेलो, की मी म्हणायचो, प्राचार्यांना खरं काय ते सांगून येतो. "आता खंय सांगतलंस? गप रव," म्हणून ते चहा पुढे करत. आणि मी चहा घ्यायचो. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही.

गेल्या वर्षी सर गेले. मीही आता निवृत्त आहे. अहवालातला तो शेरा मात्र अजून त्यांच्याच नावावर आहे. तो माझा होता.